झटके औषधांना दाद देत नसतील तर : सेलेनियमची तपासणी कशी करवून घ्यावी

नीट निवडलेली दोन औषधं पुरेशा मात्रेत देऊनही मुलाचे फिटचे (अपस्माराचे) झटके थांबत नसतील, तरच ते हट्टी समजायचे. म्हणून आधी साध्या गोष्टी बघा. मुलाचं वजन वाढलं पण मात्रा जुनीच आहे का? बाटली न हलवता सिरप दिलं जातं का? डोस उलटीत गेला का?

यात खोट नसेल, सोबत वारंवार संसर्ग होत असेल किंवा औषधांनी यकृत बिघडत असेल, तर ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजबद्दल डॉक्टरांना विचारा. हे एन्झाइम पेशींतल्या हायड्रोजन पेरॉक्साइडचं पाणी करतं आणि त्याला सेलेनियम हे अगदी थोडं लागणारं खनिज लागतं. 1991 मध्ये असे झटके आणि या एन्झाइमची कमतरता असलेल्या चार मुलांची नोंद झाली. प्रकार दुर्मिळ आहे, त्यामुळे फार आशा बांधू नका. कीटोजेनिक आहारावरच्या (झटक्यांसाठी दिला जाणारा, भरपूर चरबी आणि अगदी कमी कर्बोदकांचा आहार) मुलात मात्र सेलेनियम उतरणं नवलाचं नाही. त्याचा फटका हृदयालाही बसतो.

रक्त आधी, पूरक नंतर. गोळी सुरू झाल्यावरचा आकडा मूळ कमतरता दाखवत नाही. ताप किंवा संसर्ग असताना नमुना देऊ नका, सेलेनियम खोटंच कमी दिसतं. सेलेनियमला धातुमुक्त, गडद निळ्या झाकणाची नळी लागते. साध्या नळीतला धातू रक्तात उतरतो. एन्झाइम लाल पेशींत मोजतात, त्यासाठी ईडीटीए नळी (रक्त गोठू न देणारी). नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा नमुना बाहेर पाठवणाऱ्या लॅबला थंड पेटीबद्दल आधीच विचारून घ्या.

सेलेनियमची मात्रा डॉक्टरच ठरवतील. चूक होते ती एककात : मायक्रोग्रॅमच्या जागी मिलिग्रॅम वाचलं की हजारपट डोस! 4 ते 8 वर्षांच्या मुलाची रोजची गरज 30 मायक्रोग्रॅम, वरची मर्यादा 150. केस गळणं, नखं ठिसूळ होणं, श्वासाला लसणाचा वास येणं ही जास्त झाल्याची खूण. ब्राझील नट्स 'नैसर्गिक' म्हणून मूठभर देऊ नका, एकाच दाण्यात दिवसाच्या गरजेपेक्षा जास्त असू शकतं.

व्हॅल्प्रोएट हे झटक्यांचं औषध सुरू करण्याआधी यकृताची तपासणी आणि पीओएलजी जनुकाचा प्रश्न काढाच. त्या जनुकात दोष असेल तर हे औषध जिवावर बेतू शकतं. पण चालू औषध घरच्या घरी एकदम बंद करू नका, झटके उसळतात.

झटका आला की कुशीवर वळवा, वेळ मोजा, व्हिडिओ काढा. कांदा-चप्पल हुंगवणं नको, तोंडात चमचा नको. पाच मिनिटांत थांबला नाही तर डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडॅझोलामचा नाकातला फवारा द्या, 108 ला (रुग्णवाहिकेसाठी) फोन करा आणि नागपुरात असाल तर मेडिकल (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) किंवा मिहान भागातलं एम्स, जे जवळ पडेल तिथं न्या.