घर बघण्याआधी ठराव विचारा

साताऱ्याकडच्या गावात राहायला जायचंय, पण जात विचारून घर देणारी आळी नको? आधी ग्रामपंचायतीत जा.

१. विधवा प्रथा बंदीचा, म्हणजे नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव झालाय का, विचारा. गाव जुन्या रूढी सोडायला तयार आहे का, याचा त्यातून अंदाज येतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने तो मे २०२२ मध्ये केला आणि त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनाही आवाहन केलं.

२. सरपंचांना विचारून ग्रामसभेत मागे बसा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांना ती बहुतेक असतेच. बायका बोलतात का? त्यांचं म्हणणं इतिवृत्तात लिहिलं जातं का? मला गाव यातूनच सगळ्यात जास्त कळतं.

जपून, ठराव नुसता कागदावर असू शकतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवांना बोलावतात का, हे शेजारच्या काकूंना विचाराच.