आईला परदेशी नेण्याआधी भीतीची यादी करा

नाशिकहून आईला घेऊन थायलंडला निघायचं म्हटलं की काका, मावशी, शेजारी सगळेच विचारतात, "तिकडे गडबड आहे ना?" आणि तिकीट काढायला हात धजत नाही. तेव्हा हे करा.

१. प्रत्येकाची भीती कागदावर उतरवा. नुसतं "धोका आहे" लिहू नका. काय, कुठे, कोणाला, हे लिहा.

२. ती जागा नकाशावर शोधा. पट्टानी, याला, नराथिवात हे अशांत प्रांत अगदी दक्षिण टोकाला आहेत, बँकॉकपासून शेकडो किलोमीटर लांब. मुंबईत पाणी तुंबलं म्हणून कोणी पंचवटीत येणं टाळत नाही. मग परराष्ट्र मंत्रालयाच्या आणि तिथल्या भारतीय दूतावासाच्या सूचना तारीख बघून वाचा. सूचनेत तुमचंच ठिकाण असेल, तर बेत पुढे ढकला.

३. उरलेल्या ओळींपुढे उपाय लिहा. माझ्या मते खरी काळजी बहुतेकदा प्रकृतीचीच निघते. गोळ्या मूळ पाकिटातच, हातातल्या बॅगेत ठेवा. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर औषधाचं जेनेरिक नाव लिहून घ्या, कारण आपला ब्रँड तिकडे मिळेलच असं नाही. रुग्णवाहिका १६६९, पर्यटक पोलीस ११५५ आणि दूतावासाचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून आईच्या पर्समध्ये ठेवा. मोबाइल ऐनवेळी बंद पडतो.

आईला कशाची भीती वाटते, हे तिलाच विचारा. ते बरेचदा राहूनच जातं.

एक सांभाळा: प्रवास विमा काढताना बीपी, शुगर लपवू नका. दावा नाकारला जाऊ शकतो.