डिचोलीची न झालेली लढाई आणि खोटं पान पकडण्याची रीत

इंग्रजी विकिपीडियावर २००७ साली एक लेख आला. विषय: १६४०-४१मध्ये गोव्याचे पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात डिचोलीवरून झालेलं युद्ध. ते कधी झालंच नव्हतं, सगळा लेख बनावट होता. त्याला ‘चांगला लेख’ असा दर्जाही मिळाला आणि २०१२च्या अखेरीपर्यंत तो टिकला. शिवरायांचा जन्म १६३०चा. १६४०मध्ये मराठा साम्राज्य आणायचं कुठून? म्हणून संशय आला की मी आधी सनावळी ताडून बघते.

मग संदर्भ. तळटिपांच्या संख्येला भुलू नका. या लेखालाही त्या होत्या, पण पुस्तकंच अस्तित्वात नव्हती. दोन-तीन नावं ग्रंथालयाच्या सूचीत शोधा. तेरा आकडी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, दिला असेल तर कागद घ्या. आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ने गुणा, बेरीज करा. तिला १०ने नि:शेष भाग जात नसेल तर क्रमांक चुकलेला आहे. टंकनदोषानेही असं होतं, तेव्हा एवढ्यावरच निकाल देऊ नका. ‘इतिहास पहा’मधून लेखकाचं बाकीचं योगदानही चाळा.

खात्री पटली तरी मजकूर गुपचूप पुसू नका, पुरावाच दिसेनासा होतो. चर्चापानावर काय शोधलं, कुठे सापडलं नाही ते सविस्तर लिहा आणि पान काढण्याचा साचा, म्हणजे तशी ठरावीक सूचनापट्टी, लावा. वगळण्याचा अधिकार प्रचालकांचा, म्हणजे विशेष अधिकार असलेल्या संपादकांचा. त्याआधी ‘येथे काय जोडले आहे’ ही या पानाला जोडलेल्या पानांची यादी उघडा आणि गावाच्या, घराण्याच्या पानांत शिरलेली त्याच लढाईची वाक्यं शोधून काढा. याकडे फार दुर्लक्ष होतं.