गादीखालची पट्टी

वृद्धनिवासात मी रात्रपाळी करते. पूर्वी दर दोन तासांनी बॅटरी घेऊन फेरी मारायचे. दार करकरलं की गाढ झोपलेले आजोबाही विचारायचे, "काय गं, काय झालं?" म्हणजे झोप बघायला जाऊन मीच ती मोडत होते. आता गादीखाली सेन्सरची पट्टी असते.

बसवण्याआधी त्या माणसाला विचारा, फक्त मुलांना नाही. कॅमेरा नाही, बोलणं टिपलं जात नाही, माहिती कोण बघणार, हे नीट सांगा. नको म्हणाले तर विषय संपला.

पट्टी छातीच्या रेषेत आडवी ठेवा. हृदयाच्या ठोक्यागणिक शरीर किंचित हलतं, श्वासाबरोबर छाती वरखाली होते; तेवढंच ती टिपते. गादी फार जाड असेल तर नोंद कच्ची येते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी असेल, तर पंपाची थरथर त्यात मिसळते. तिथे मी पट्टीवर विसंबत नाही.

हालचालीचा सेन्सर गुडघ्याच्या उंचीवर लावा, पाय जमिनीला टेकताच कळेल असा. तो उष्णतेतला बदल ओळखतो, म्हणून हीटरसमोर नको. बाथरूमच्या दाराला आणखी एक.

पहिले दोन आठवडे नुसतं बघा. झोप किती चांगली झाली याचे पट्टीच्या नोंदीत गुण येतात, ते मी बघतच नाही. निपचित जागं पडलेलं माणूसही पट्टीला झोपलेलं वाटतं. मी बघते त्या माणसाची रोजची रीत. एक आजी रात्री एकदाच उठायच्या, मग अचानक चार-चारदा उठू लागल्या. विचारल्यावर कळलं, लघवीची गोळी सकाळऐवजी संध्याकाळी दिली जात होती. डॉक्टरांना विचारून वेळ बदलली.

श्वासाचंही तसंच. एरवी मिनिटाला 16 असणारे सलग दोन रात्री 24 वर दिसले, तर सकाळी उठल्या उठल्या नर्सला सांगा. धाप लागलेली दिसली तर सकाळचीही वाट बघू नका. झोपेत श्वास अडकतो का, याचं निदान मात्र पट्टी करत नाही. त्याला डॉक्टरांनी सांगितलेली झोपेची तपासणीच लागते.

आणि चादर बदलली की पट्टी तपासा. एकदा पहाटे तीनला "पलंग रिकामा" असा इशारा आला. धावत गेले, तर आजी मजेत घोरत होत्या आणि पट्टी सरकून पायथ्याशी गेली होती. तेव्हापासून पलंगाच्या कडेला मार्करने खूण केली आहे.