माहितीपटकाराची जाहीर मुलाखत: पडद्यामागचं बोलतं कसं करावं

माहितीपटकाराला किंवा शोधपत्रकाराला मंचावर बसवून ‘ही कल्पना कशी सुचली?’ असं विचारलं, की पाठ झालेलं उत्तर येतं. ते त्याने दहा ठिकाणी दिलेलं असतं. ऐकण्यासारखं असतं ते त्याच्या निर्णयांत: काय ठेवलं, काय कापलं, कॅमेरा कुठे बंद केला. प्रश्न त्याच दिशेने काढा.

माहितीपट दोनदा बघा. पहिल्यांदा न थांबता, दुसऱ्यांदा थांबवत, टाइमकोड (दृश्य कितव्या मिनिट-सेकंदाला येतं ते) टिपत. ‘इथे कॅमेरा पोचला कसा?’ असं वाटेल तिथे खूण करा. निवेदन अचानक वाढतं तिथेही करा. अनेकदा तिथलं फुटेज मिळालेलं नसतं किंवा वापरता आलेलं नसतं. श्रेयनामावली शेवटपर्यंत वाचा: संकलन कोणाचं, जुनी दृश्यं कुठून आली, पैसा कोणाचा. वृत्तमालिका असेल तर बातम्या तारखेप्रमाणे लावून वाचा. पहिल्या बातमीतलं काय पुढे बदललं, हे दिसलं की प्रश्न आपोआप मिळतो.

पाहुण्याशी आधी वीसेक मिनिटं फोनवर बोला, पण मुख्य प्रश्न राखून ठेवा. नाहीतर मंचावर ‘मी फोनवर म्हटलं तसं’ सुरू होतं आणि श्रोते कोरडेच राहतात. फोनवर ठरवायचं ते एवढंच: कोणत्या सूत्राचा उल्लेख नको, प्रकरण न्यायालयात आहे का, रेकॉर्डिंग किंवा थेट प्रक्षेपण चालेल का. ‘ऑफ द रेकॉर्ड’ हे बोलण्याआधी ठरवायचं असतं. भरल्या सभागृहात तर त्याला अर्थच नाही.

सर्वांत जपायचं ते सूत्रांना. नाव न घेताही माणूस ओळखू येतो. ‘त्या विभागातल्या एका बाईंनी फाइल दिली’ एवढं वाक्य पुरतं. विभागात बाई एकच असेल तर संपलंच. म्हणून ‘फाइल कोणी दिली?’ हा प्रश्न टाळा आणि ‘ती खरी आहे हे कसं तपासलं?’ असं विचारा. उत्तरही त्याचंच जास्त रंगतं. मंचावर फोटो दाखवणार असाल तर चेहऱ्यावर हलका ब्लर पुरत नाही, सपाट काळी चौकट टाका. मूळ फाइलमध्ये फोटो कुठे काढला याची नोंद असू शकते, तेव्हा फाइल कोणाला पाठवण्याआधी ती नोंद पुसा.

एका तासाला आठ प्रश्न भरपूर झाले. प्रश्न दृश्याला बांधा: ‘सदतिसाव्या मिनिटाला ती पत्र वाचते आणि कॅमेरा दाराबाहेरच थांबतो. आत जायचं नाही हे कोणी ठरवलं?’ एवढं विचारून गप्प बसा. पाच सेकंदांची शांतता सूत्रधाराला फार लांब वाटते, आणि तो घाबरून दुसरा प्रश्न जोडतो. मग पाहुणा दोन्हींतल्या सोप्याचं उत्तर देतो. आणखी एक हमखास चालणारा प्रश्न फुटेजचा. समजा, 180 तासांतून 90 मिनिटं ठेवली, म्हणजे 120 मिनिटांमागे एक. कापताना सर्वांत जास्त भांडण कोणत्या दृश्यावरून झालं?

क्लिपा तीनच, प्रत्येकी दीड मिनिटाच्या आत, आणि लॅपटॉपवर उतरवून घेतलेल्या. इंटरनेटवरून चालवायला गेलात तर गाडी नेमकी तिथेच अडते.

कॉलर माइक हनुवटीखाली साधारण वीतभर अंतरावर लावा. ओढणी, शाल किंवा माळ त्याला घासली तर खरखर येते आणि ती नंतर निघत नाही. प्रत्येक माइक वेगळ्या ट्रॅकवर, 48 किलोहर्ट्झवर (रेकॉर्डरमधली सॅम्पल रेटची सेटिंग) घ्या. आवाजाची उंच टोकं रेकॉर्डरच्या मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवली तर अचानक हसू फुटलं तरी आवाज फाटत नाही. सगळे स्थिरावले की कोणी बोलत नसतानाचा खोलीचा आवाज अर्धा मिनिट घेऊन ठेवा, संकलनात सांधे झाकायला तो लागतो.

श्रोत्यांसाठी शेवटची वीस मिनिटं. माइक स्वयंसेवकाच्या हातातच राहू द्या, प्रश्नकर्त्याला देऊ नका. एकदा हातात गेला की भाषण सुरू. माहितीपटातली एखादी व्यक्ती सभागृहात हजर असेल, तर तिची ओळख करून देण्याआधी तिला एकटीला गाठून विचारा. नको म्हणाली तर पाहुण्यालाही तसं आधीच सांगून ठेवा, नाहीतर तोच कौतुकाने तिच्याकडे बोट दाखवतो.