नवी डिस्क मागवण्यापूर्वी वेष्टनाची मागची बाजू वाचा

एखादा चित्रपट किंवा मालिका ब्लू-रे अथवा डीव्हीडीवर येणार अशी घोषणा झाली, की बहुतेक ग्राहक प्रकाशनाची तारीख आणि किंमत एवढेच पाहतात. अमेरिकेत नव्या डिस्क प्रथेने मंगळवारी आणि ब्रिटनमध्ये सोमवारी बाजारात येतात. परंतु पणजीत, म्हापशात किंवा फोंड्यात बसून त्या मागवणाऱ्याच्या दृष्टीने तारखेला फारसे महत्त्व नाही. ती डिस्क आपल्या प्लेअरवर चालेल का आणि तिच्यातले चित्र कोणत्या मूळ प्रतीवरून घेतले आहे, हे आधी पाहिले पाहिजे, आणि त्याचे बरेचसे उत्तर वेष्टनाच्या मागच्या बाजूस बारीक अक्षरांत छापलेले असते. विक्रेत्याने त्या बाजूचे छायाचित्र दिले नसेल, तर पैसे भरण्यापूर्वी ते मागून घ्यावे.

सर्वप्रथम रीजन, म्हणजे डिस्क जगाच्या ज्या भागातील प्लेअरवर चालावी म्हणून काढलेली असते त्या भागाचा क्रमांक किंवा अक्षर, पाहावा. डीव्हीडीसाठी भारत रीजन ५ मध्ये, अमेरिका १ मध्ये, तर ब्रिटन, जपान आणि आखाती देश २ मध्ये येतात. ब्लू-रेची विभागणी वेगळी आहे: अमेरिका आणि जपान ए, ब्रिटन, युरोप आणि आखात बी, भारत सी. गोव्यात या तपशिलाला विशेष महत्त्व आहे, कारण इथल्या अनेक घरांतील कोणी ना कोणी ब्रिटनमध्ये, आखातात किंवा जहाजावर नोकरीला असते आणि सुट्टीवर येताना डिस्क घेऊन येण्याची विनंती त्यालाच केली जाते. लंडनहून हौसेने आणलेली बी रीजनची ब्लू-रे इथे घेतलेल्या प्लेअरमध्ये घातल्यावर पडद्यावर केवळ सूचना दिसते, चित्र दिसत नाही. डीव्हीडीच्या बाबतीत अनेक प्लेअरचे बंधन रिमोटवरील संकेताने काढता येते; ब्लू-रेच्या बाबतीत ते सहसा शक्य नसते आणि मल्टी-रीजन प्लेअरच घ्यावा लागतो. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हवर रीजन जास्तीत जास्त पाच वेळा बदलता येतो, त्यानंतर तो कायमचा गोठतो, म्हणून तिथे सहज गंमत म्हणून बदल करू नये.

४के अल्ट्रा एचडी, म्हणजे साध्या ब्लू-रेहून अधिक तपशिलाचे चित्र देणाऱ्या डिस्कला रीजनचे बंधन नसते, त्यामुळे परदेशातून मागवण्यास तीच सर्वांत निर्धोक. मात्र ४के संचात बहुधा दुसरी साधी ब्लू-रे डिस्कही असते आणि मुलाखती, चित्रीकरणावेळची दृश्ये वगैरे अतिरिक्त साहित्य अनेकदा तिच्यावरच असते. ती रीजनबद्ध असू शकते. प्लेअर आधी घ्यावा आणि डिस्क नंतर, हा क्रम आता पाळावाच लागतो, कारण ओप्पोने २०१८ मध्ये, सॅमसंगने २०१९ मध्ये आणि एलजीने २०२४ मध्ये ब्लू-रे प्लेअरच्या व्यवसायातून अंग काढून घेतले आणि बाजारातील पर्याय मोजके उरले आहेत.

यानंतर चित्राच्या उगमाकडे वळावे. माझ्या मते जास्त वेळ इथेच द्यायला हवा. मागच्या मजकुरात मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून (कॅमेऱ्यात प्रत्यक्ष चित्रित झालेल्या फिल्मवरून) ४के स्कॅन केल्याचा उल्लेख असेल, तर जुना चित्रपट पुन्हा विकत घेण्यास सबळ कारण आहे. नुसते ‘डिजिटली रीमास्टर्ड’ लिहिले असेल, तर त्यातून काहीच कळत नाही. पणजीत २००४ पासून भरणाऱ्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात पुनरुज्जीवित चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहिल्यावर त्याची डिस्क घेण्याची ओढ लागणे स्वाभाविक आहे. पण चित्रपटाचे पुनरुज्जीवन होणे आणि त्याची नवी डिस्क निघणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बाजारात असलेली डिस्क पुनरुज्जीवनापूर्वीच्या जुन्या प्रतीची असण्याचा संभव असतो. म्हणून डिस्कचे प्रकाशनवर्ष पुनरुज्जीवनाच्या वर्षाशी ताडून पाहावे.

मालिकांचे गणित आणखी किचकट आहे. दूरदर्शनच्या जुन्या मालिकांप्रमाणे जे कार्यक्रम व्हिडिओ टेपवर चित्रित झाले, त्यांच्या मूळ चित्रातच केवळ ५७६ आडव्या ओळी असतात. ते ब्लू-रेवर आणल्याने नवा तपशील निर्माण होत नाही, फार तर कमी डिस्कमध्ये जास्त भाग मावतात. याउलट अनेक अमेरिकी मालिका फिल्मवर चित्रित होऊन टेपवर संकलित झाल्या होत्या. त्यांची मूळ फिल्म शोधून, स्कॅन करून, पुन्हा संकलन केले असेल तरच ब्लू-रेला अर्थ आहे. चौकटीचे प्रमाणही, म्हणजे चित्राच्या रुंदीचे उंचीशी गुणोत्तर, तपासावे. जुनी मालिका १.३३:१ प्रमाणात असायला हवी, तिथे १.७८:१ छापले असेल, तर बहुधा चित्राचा वरचा आणि खालचा भाग कापून ते आजच्या टीव्हीच्या मापाचे केलेले असते. एकूण तासांना डिस्कच्या संख्येने भागून पाहणेही उपयोगी पडते, कारण दोन थरांच्या डीव्हीडीत साडेआठ जीबी आणि ब्लू-रेत ५० जीबी एवढीच जागा असते, आणि तिच्यात भाग कोंबले की चित्र फुटू लागते. संगीताचे हक्क न मिळाल्याने मूळ प्रसारणातील गाणी काही वेळा बदललेली असतात, आणि ही गोष्ट वेष्टनावर ठळकपणे क्वचितच सांगितली जाते.

ब्रिटनहून किंवा भारतातून घेतलेल्या पाल (सेकंदाला २५ चौकटींच्या टीव्ही प्रसारणाच्या) पद्धतीच्या डीव्हीडीवर शंभर मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांचा दिसला, तर तो कापला आहे असा निष्कर्ष लगेच काढू नये. सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट २५ चौकटींनी चालवल्यामुळे तो सुमारे चार टक्के अधिक वेगाने सरकतो. संगीतप्रधान चित्रपटात मात्र पट्टी किंचित चढल्याचे तयार कानाला जाणवते, म्हणून असा चित्रपट ब्लू-रेवर उपलब्ध असल्यास तीच घ्यावी.

नवे मराठी चित्रपट आता डिस्कवर क्वचितच येतात, त्यामुळे जुन्या साठ्यावरच भिस्त ठेवावी लागते. मोझर बेअर या कंपनीने २००७ च्या सुमारास स्वस्त व्हीसीडी आणि डीव्हीडी बाजारात आणल्यानंतरचा माल अजूनही जुन्या दुकानांत सापडतो. व्हीसीडीचे चित्र केवळ ३५२ बाय २८८ बिंदूंचे असल्याने दुसरी प्रत मिळतच नसेल तरच ती घ्यावी. अस्सलपणा ओळखण्यास कॉपीराइट कायद्याचे कलम ५२-ए मदत करते: त्यानुसार सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची प्रत, निर्मात्याचे नाव-पत्ता आणि हक्कधारकाचे नाव-पत्ता वेष्टनावर असणे आवश्यक आहे. एकाच डिस्कवर तीन-चार चित्रपट आणि हक्कधारकाचा पत्ता नाही, असा माल घेऊ नये.

टपालाने मागवताना आयात शुल्क हिशेबात धरावे. परदेशी संचासोबत मिळणारा डिजिटल प्रतीचा कोड भारतात बहुधा वापरता येत नाही, तेव्हा त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. पत्र्याच्या स्टीलबुक वेष्टनाचा मोह किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी टाळलेला बरा. खाऱ्या हवेत त्याच्या कडांना गंज धरतो. पार्सल आल्यावर परतीची मुदत संपण्यापूर्वी डिस्क मध्यभागी आणि अखेरीस चालवून पाहावी, कारण थर बदलतानाचा दोष पहिल्या दहा मिनिटांत दिसत नाही.

साठवणुकीबाबत अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २००३ मध्ये ४ ते २० अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सुचवली होती. गोव्याच्या पावसाळ्यात वातानुकूलनाशिवाय ती मिळणे अशक्यच. पण कपाट चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये, कारण ओल तिथूनच झिरपते. डिस्क पुस्तकांप्रमाणे उभ्या ठेवाव्यात आणि आतला छापील कागद जूनपूर्वी काढून वेगळ्या कोरड्या डब्यात ठेवावा, कारण बुरशी आधी कागदावर धरते. कपाटात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या ठेवाव्यात आणि रंग बदलला की त्या तापवून पुन्हा वापराव्यात. डिस्कवर डाग दिसल्यास मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावे, गोल फिरवू नये, आणि थिनर किंवा नेलपॉलिश काढण्याचे द्रव तिच्या जवळही नेऊ नये.