पोरांना घेऊन अलास्का-नॉर्वेची क्रूझ : या चुका टाळा

मुंबईकराला क्रूझ म्हटलं की बॅलार्ड पिअरहून गोव्याला जाणारी बोट आठवते. संध्याकाळी चढायचं, बुफे, डीजे, पोरं पूलमध्ये, सकाळी गोवा. हाच हिशेब मनात धरून अलास्का किंवा नॉर्वेसारखी उत्तरेची क्रूझ बुक केली की गडबड होते. आम्ही पार्ल्याहून दोन पोरं घेऊन अलास्काला गेलो, थोरली अकराची आणि धाकटा सात वर्षांचा. घसरगुंड्या किती, बंपर कार आहे का, हे बघून जहाज ठरवलं. जहाज कुठे किती वेळ थांबतं, हे पैसे भरल्यावर पाहिलं. आमची बाकीची बहुतेक फजिती तिथूनच सुरू झाली.

बंदरं मोजली, तास मोजले नाहीत

अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलहून अलास्काला निघणाऱ्या सात रात्रींच्या क्रूझच्या जाहिरातीत 'चार बंदरं' असं दिसतं. त्यातलं एक बहुधा कॅनडातलं व्हिक्टोरिया असतं. परदेशी झेंड्याचं जहाज अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परतणार असेल, तर वाटेत एक परदेशी बंदर घ्यावंच लागतं, असा १८८६ सालचा कायदा आहे. त्यामुळे बरीच जहाजं शेवटच्या संध्याकाळी तिथे टेकतात, बऱ्याचदा आठच्या सुमाराला, आणि मध्यरात्रीपर्यंत निघतात. तोवर पोरं जेवून पेंगत असतात. म्हणजे तुमच्या कामाची बंदरं तीनच.

म्हणून कागद घ्या आणि प्रत्येक बंदराची येण्या-जाण्याची वेळ लिहा. त्यातून पुढचा-मागचा एकेक तास वजा करा, कारण उतरायला रांग असते आणि सुटण्याआधी बराच वेळ परत चढावं लागतं. उरतात ते पोरांच्या पायाखाली जमीन असण्याचे तास. सात रात्रींत ते वीस-बावीसच्या खाली गेले, तर मी ती क्रूझ घेणार नाही, मग जहाजावर कितीही घसरगुंड्या असोत.

हिमनदी बघायचा दिवस यात धरू नका. अलास्कातल्या ग्लेशिअर बे राष्ट्रीय उद्यानात दिवसाला जास्तीत जास्त दोन मोठ्या क्रूझ सोडतात. तिथे कुणी उतरत नाही, उलट उद्यानाचे रेंजरच जहाजावर येऊन माहिती सांगतात. मार्जरी हिमनदीची भिंत पाण्यावर सुमारे ७५ मीटर उंच आहे, म्हणजे लोअर परळचा वीस-बावीस मजली टॉवर बर्फाचा करून पाण्यात उभा केल्यासारखी. दृश्य अफाट आहे, पण सात वर्षांच्या पोराला अख्खा दिवस डेकवर उभं राहून बघायचं म्हटलं तर लांबतं. बाल्कनीची केबिन कुठल्या बाजूला मिळाली म्हणून हळहळू नका. कप्तान साधारणपणे तिथे जहाज हळूहळू फिरवतो, दोन्ही बाजूंना दिसतं.

आमचा धाकटा मात्र नेमका तेव्हा झोपला होता. सिअ‍ॅटल उन्हाळ्यात मुंबईच्या साडेबारा तास मागे असतं, अलास्का साडेतेरा. तिथे दुपारचे दोन म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेतीन. आम्ही जहाज सुटायच्या आदल्या रात्री उशिरा पोचलो होतो, आणि चौथ्या दिवशीही त्याचं शरीर पार्ल्यातच होतं. डेकवरच्या खुर्चीत ब्लँकेट गुंडाळून पडला होता. समोर बर्फाचा कडा निखळून पाण्यात पडला. आधी तो दिसला, मग आवाज आला, थेट ढग गडगडल्यासारखा. तिथले त्लिंगित लोक त्याला 'पांढरा गडगडाट' म्हणतात. धाकट्यानं एक डोळा उघडून विचारलं, "पाऊस आला का?" आणि परत झोपला.

अलास्काला जायचं तर किमान दोन पूर्ण दिवस आधी पोचा. विमान उशिरा आलं तरी मग जहाज चुकत नाही. आणि पोरं सहाच्या आतली असतील तर मी सरळ नॉर्वे म्हणेन. उन्हाळ्यात फरक फक्त साडेतीन तासांचा, आणि बऱ्याच ठिकाणी धक्क्यावरून चालतच गोष्टी सुरू होतात. फ्लॉम गावची रेल्वे धक्क्याला लागूनच आहे. वीसेक किलोमीटरमध्ये ती समुद्रकाठावरून ८६६ मीटरवर चढते, तासाभरात. बर्गेनला डोंगरावर जाणाऱ्या फ्लोइबानेन या छोट्या रेल्वेनं वर गेलं की खेळायला जागा आहे आणि बकऱ्या आहेत. आमच्या ओळखीतल्या एका पोरीला अख्ख्या नॉर्वेतलं विचारलं तर ती बकऱ्यांचं सांगते.

नॉर्वेत वेगळीच एक चूक होते. बर्गेन ते किर्केनेस धावणारी किनारी बोट 'क्रूझ' समजून घेतात. ती ३४ बंदरं घेते, मालही वाहते आणि काही ठिकाणी जेमतेम पाऊण तासही थांबत नाही. आजी-आजोबांना झकास, पण पळणाऱ्या पोरांना नाही.

व्हिसा, आणि मे महिना

मार्ग निवडायच्या आधी व्हिसा मोजा. सिअ‍ॅटलहून निघालात तरी व्हिक्टोरियामुळे अमेरिकेसोबत कॅनडाचा व्हिसा लागतो. व्हँकुव्हरहून निघून तिथेच परतलात, तर कॅनडात दोनदा प्रवेश होतो, तेव्हा मल्टिपल एंट्री बघून घ्या. साउदॅम्प्टनहून नॉर्वे म्हणजे ब्रिटनचा वेगळा आणि शेंगेन (नॉर्वेसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) वेगळा. कील, हॅम्बुर्ग किंवा कोपनहेगनहून शेंगेनवर भागतं, फक्त वाटेत ब्रिटनचं बंदर नाही ना ते पाहा. अमेरिकेचा व्हिसा आधी नसेल तर बीकेसीतली अपॉइंटमेंट मिळायलाच महिनेच्या महिने जाऊ शकतात. पोरांचे पासपोर्टही काढून बघा. ते पाच वर्षांचेच असतात आणि नेमके अशा वेळी संपत आलेले निघतात.

आपली सुट्टी मे ते जूनच्या मध्यापर्यंत. मेमध्ये अलास्कात पाऊस तुलनेनं कमी आणि डोंगर अजून पांढरे असतात, पण सामन मासे आणि ते खायला नदीवर येणारी अस्वलं खरी जुलै-ऑगस्टची. नॉर्वेत मे-जूनला बर्फ वितळून धबधबे भरभरून वाहतात, गायरांगरचा 'सात बहिणी' तेव्हाच बघावा. आणि नॉर्दर्न लाइट्स? मे-जूनमध्ये नाहीत. रात्र पुरती काळी होतच नाही. मुलांना आधीच ते कबूल करून बसू नका, आम्ही केलं होतं.

मेचा आणखी एक कोपरा कुणी सांगत नाही: अमेरिकन शाळा तेव्हा सुरू असतात, म्हणून जहाजावर पोरं कमी. पूलला गर्दी नाही हे छान, पण थोरलीला तिच्या वयाचं कुणी सापडेना. किड्स क्लबचे वयोगट वेगवेगळे असतात, भावंडं एकत्र बसतीलच असं नाही. डायपरमधल्या मुलांना बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. पूलवर छप्पर आहे का, तेही विचारा, कारण उघड्या पूलमध्ये तिथल्या वाऱ्यात पोरं दहा मिनिटंही टिकत नाहीत.

सामानात घोळ

अलास्कातल्या केचिकन बंदराला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, मुंबईपेक्षा बराच जास्त. पण तो आपल्यासारखा कोसळत नाही. गार, बारीक, दिवसभर. जीन्स आणि छत्री दोन्ही बिनकामाच्या. भिजलेली जीन्स केबिनमध्ये दोन दिवस वाळत नाही. पाणी न शिरणारं जॅकेट, आत थर्मल, लवकर वाळणारी पँट आणि प्रत्येकाला मोज्यांचे चार जादा जोड.

सासूबाईंनी मॅगीसाठी दिलेली इलेक्ट्रिक किटली चढताना सुरक्षा तपासणीत काढून घेतली. चिठ्ठी दिली, किटली शेवटच्या दिवशी परत मिळाली. तापणारी उपकरणं बहुतेक जहाजांवर चालत नाहीत. गरम पाणी बुफेवर मिळतंच. जैन जेवण किंवा कांदा-लसूण नसलेलं हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा, टेबलावर बसून नव्हे.

बुकिंग झालंय, आता काय?

झिपलाइन, कयाक अशा सहलींना वयाची किंवा वजनाची अट असते. आमच्या धाकट्याचं वजन बावीस किलो, झिपलाइनवाल्यांनी सरळ नाही म्हटलं. आजच प्रत्येक सहलीची अट वाचून बदल करा; स्केगवेची व्हाइट पास रेल्वे, मेंडेनहॉल हिमनदीजवळची पायवाट आणि व्हेल बघायची बोट यांत लहानांचं जमतं. बोट लागत असेल, म्हणजे मळमळत असेल, तर शक्य असल्यास खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधली केबिन मागून बघा. व्हँकुव्हरच्या क्रूझ बऱ्यापैकी आडोशाच्या पाण्यातून जातात, सिअ‍ॅटलच्या बहुतेक व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, खुल्या समुद्रातून. उलटीची गोळी मुलांना किती द्यायची, ते मुंबईत आपल्या डॉक्टरांनाच विचारून ठेवा.

आणि समुद्रातल्या दिवसासाठी जहाजावर जॉगिंग ट्रॅक शोधा. आम्हाला तो पाचव्या दिवशी सापडला. धाकट्यानं त्या दुपारी अठ्ठावीस फेऱ्या मारल्या, मोजायचं काम थोरलीकडे होतं, आणि रात्री नऊला दोघंही न सांगता झोपली.